हलका ध्वनिवर्धक, भारदस्त स्वर

वाद्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचवावा, हा प्रश्न विजेच्या दिव्याहून जुना आहे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने माझे वास्तव्य सध्या म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात आहे. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर, शिवरामपेठेत, गायक बिडारम कृष्णप्पा यांच्या परिश्रमातून उभे राहिलेले राममंदिर आहे. त्यांचे शिष्य टी. चौडय्या हे व्हायोलिनवादक. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात मोठ्या सभागृहात मागे बसलेल्यांना व्हायोलिन नीट ऐकू येत नसे. चौडय्यांनी त्यावर उपाय शोधला तो वाद्यातच. चाराऐवजी सात तारांचे व्हायोलिन १९२७ च्या सुमारास त्यांनी प्रचारात आणले. आज हे काम विजेवर चालणारी पेटी करते, आणि ती पेटी निवडण्याचा विवेक मात्र वादकालाच करावा लागतो.

हा विवेक विशेष कसोटीला लागतो तो पेडल स्टील गिटारच्या बाबतीत. हवाई गिटार आपल्या श्रोत्यांना अपरिचित नाही. तारेवर पोलादी कांडी फिरवून स्वर काढण्याची ती रीत हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तरुणाने रुजविली. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा यांनी याच रीतीने गिटारवर रागदारी वाजविली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली निघालेली त्यांची ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचली. दक्षिणेतील गोट्टुवाद्यही याच जातीचे. त्याला पडदे नाहीत; तारेवरून गुळगुळीत तुकडा सरकवीत ते वाजवितात. ते मैफलीत पुन्हा प्रतिष्ठित करणाऱ्या कलावंताचे नाव सखाराम राव. ते नावच मराठी कानाला किती जवळचे वाटते! मींड ही ज्यांच्या गाण्याचा प्राण आहे, त्या आपल्या लोकांना हा स्वर आपलासा वाटावा, यात नवल नाही.

याच घराण्यातील पेडल स्टील ही अमेरिकेतली धाकटी पाती. पायांवर उभ्या केलेल्या चौकटीवर बहुधा दहा तारा ताणलेल्या असतात. पायाखालची पेडले आणि गुडघ्याने ढकलावयाच्या दांड्या यांच्या योगाने वाजत असलेल्या तारेचा ताण बदलतो, आणि एक स्वर स्थिर असतानाच दुसरा त्याच्याजवळून वर चढत जातो. १९५४ सालच्या एका ध्वनिमुद्रिकेत बड आयझॅक्स यांनी ही करामत ऐकविली आणि तिचा प्रसार झाला. या वाद्याला पोकळ लाकडी पोट नाही. त्यामुळे ध्वनिवर्धक हा येथे अलंकार नसून वाद्याचा अर्धा देह आहे.

हा अर्धा देह फार जड असे. फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब हा ८५ वॅटचा जुना, नामांकित ध्वनिवर्धक सुमारे २९ किलो भरतो. मोहल्ल्यातील माझे एक शेजारी निवृत्त झाले आहेत. मुलाने परदेशातून पाठविलेले पेडल स्टील ते आवडीने वाजवितात. पण घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि कंबर साठीची. पेटी उचलवेना म्हणून त्यांनी मंडळाच्या कार्यक्रमांना जाणे सोडले. वाद्य घरात राहिले की हळूहळू वादकही घरातच राहतो. म्हणून वजनाचा हा विचार मला आळसाचा वाटत नाही. वाजविणे चालू राहील की थांबेल, एवढा त्याचा अर्थ आहे.

प्रथम हे पाहू की वजन कोठे होते. ते स्वरात नव्हते. भिंतीतील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते. इतक्या संथ विजेचा दाब बदलावयाचा तर रोहित्राला लोखंडाचा मोठा गाभा लागतो. स्पीकरचे चुंबक जड, आणि हे सारे पेलणारी पेटीही जड. नव्या यंत्रात वीज आधी सेकंदाला हजारो आवर्तनांवर नेतात. मग चिमुकले रोहित्र पुरते. शक्ती देणारे ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, या दोनच अवस्थांत झपाट्याने पालटत राहतात. त्यामुळे उष्णता थोडी होते आणि ती घालविणारे धातूचे पंखेही लहान चालतात. स्पीकरसाठी निओडिमियम या धातूच्या मिश्रणाचे चुंबक १९८० नंतरच्या दशकात आले. थोड्या वजनात ते मोठे बळ देतात. याच फेंडर कंपनीने २०१९ साली ट्विन रिव्हर्बचे जे अंकीय रूप काढले, ते जवळजवळ १५ किलोचे आहे. म्हणजे ओझे निम्म्यावर आले.

परंतु केवळ हलका म्हणून घेतलेला ध्वनिवर्धक या वाद्याला न्याय देईलच असे नाही. तार छेडताच होणारा आघात क्षणभर फार मोठा असतो. मग नाद ओसरू लागतो. वादक उजव्या पायाखालचे आवाजाचे पेडल हळूहळू दाबून तो ओसरता नाद उचलून धरतो. गायक श्वासाने जे करतो तेच तो पावलाने करतो. याकरिता ध्वनिवर्धकाजवळ नेहमी शिल्लक शक्ती हवी. इतर गिटारवाद्यांत आवाज फाटणे कित्येकदा हौसेने मागितले जाते. येथे तो फाटला की मींड तुटलीच. म्हणून घरगुती रियाजाला लहान यंत्र पुरले, तरी सभागृहासाठी वॅटचा आकडा मोठा असलेला बरा.

त्या आकड्याने भुलूनही जाऊ नये. शक्ती दुप्पट केली तर आवाजात फक्त तीन डेसिबलची भर पडते. कानाला आवाज दुप्पट वाटावयाचा तर शक्ती सुमारे दसपट लागते. याउलट, तेवढ्याच विजेत तीन डेसिबल अधिक देणारा स्पीकर निवडला तर यंत्राची शक्ती दुप्पट केल्याचे फळ मिळते. तेव्हा विक्रेत्याला वॅट विचाराल त्याच वेळी स्पीकरची ही क्षमताही विचारा. स्पीकर बारा इंची किंवा पंधरा इंची असावा; खालच्या तारांना भरदारपणा त्याने येतो.

दुकानात परीक्षा करावयाची ती स्वतःचे वाद्य आणि स्वतःचे पेडल नेऊनच. सर्वांत वरच्या तारेवर बाराव्या खुणेच्या पुढचा स्वर लांबवून पाहावा. तो कानाला टोचतो का? मधल्या पट्टीतील, साधारण ८०० आवर्तनांच्या आसपासचा कर्कशपणा कमी करता येईल, अशी कळ यंत्राला आहे का? नंतर पेडल पूर्ण दाबून तीन तारा एकदम छेडाव्यात आणि मित्राला दहा पावले दूर उभे करून त्याचे मत घ्यावे. शेवटी वाजविणे थांबवून नुसती गुणगुण ऐकावी. ही परीक्षा झाली की पेटी हातात घेऊन एक जिना चढून उतरावे. कागदावरचे किलो आणि हातातले किलो यांत अंतर असते.

आपल्या देशात आणखी एक सावधगिरी हवी. अमेरिकेत विजेचा दाब १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तेथला ध्वनिवर्धक आणून त्यासाठी वेगळे रोहित्र घ्यावे लागले, तर वाचविलेले ओझे दुसऱ्या पिशवीतून परत येते! दोन्ही दाब चालतील असे यंत्रावर लिहिले आहे ना, हे आधी वाचावे. प्लगची तिसरी, म्हणजे भूमीची पिन कधीही काढू नये. ज्याच्या हातात धातूची कांडी आहे, त्याने तर नाहीच नाही.

जुन्या जड पेटीच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. ती बिघडली तर डाग देणारा गल्लीतला कसबी कारागीर तिचा दोष शोधून काढतो. नव्या यंत्रातील दाटीवाटीने बसविलेली पाटी बहुधा समूळ बदलावी लागते. ज्याच्या घरी जिना नाही, दाराशी गाडी आहे आणि हाताशी असा कारागीर आहे, त्याने जुने यंत्र टाकून देण्याचे कारण नाही. इतरांनी हलके यंत्र घेताना दुरुस्तीची सोय जवळच्या शहरात आहे, एवढे पाहून घ्यावे.

श्रोतेहो, उतारवयात छंदाची खरी कसोटी हौसेपेक्षा सोयीची असते. दहा-पंधरा किलो कमी झाल्याने स्वर सुधारत नाही, हे खरे. पण त्यामुळे एखादा माणूस संध्याकाळी जिना उतरून चार माणसांत जाऊन बसतो आणि त्याचा स्वर त्यांच्या कानी पडतो. ध्वनिवर्धक निवडताना प्रथम कानाचे ऐकावे आणि लगेच कंबरेलाही विचारावे. दोघांचे एकमत झाले, तर तीच पेटी आपली.