माजघरातल्या धंद्याचा पहिला खर्च
(रोहिणखेड, ता. मोताळा येथील बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे झाले. उठता उठता मागच्या रांगेतून एका मावशींनी विचारले, "भाऊ, ज्वारीचे पापड, बिबड्या अन् तुरीची डाळ घरीच करून विकाची म्हटलं, तर कागदं कराले किती पैसे लागतीन?" मी शेतकी कॉलेजचा पदवीधर. बोंडअळीवर विचारले असते तर तासभर बोललो असतो. या प्रश्नाचे उत्तरही मला माहीत होते, पण सांगायची लाज वाटली. का, ते पुढे सांगतो.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९९१ च्या नोव्हेंबरात शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला. सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती. त्यातली माजघर शेती म्हणजे पिकलेला माल कच्चा बाजारात ओतण्याआधी घरीच त्यावर काही प्रक्रिया करणे. शेगावला गेलेल्या आयाबाया आजही गावागावांत आहेत. आणि गंमत पाहा, त्याच वर्षीच्या जुलैत दिल्ली सरकारने बहुतेक मोठ्या उद्योगांची लायसन्सं काढून टाकली होती. कारखानदाराच्या पायातली बेडी निघाली. माजघरातल्या बाईच्या पायात काय काय आहे, हे कोणी वाकून पाहिले नाही.

आपल्याला बंधन काय असते ते कापसाने शिकवले. १९७१ चा एकाधिकार खरेदीचा कायदा आला आणि आपल्याच शेतातला कापूस महासंघालाच घालायचा असे ठरले. राज्याबाहेर न्यायचा नाही. खाजगी व्यापाऱ्याला दार उघडले ते २००२ मध्ये. तेव्हा अडवणारा पोलीस नाक्यावर उभा दिसायचा, त्याच्याशी भांडता यायचे. आजचा अडथळा कागदाचा आहे आणि तो दिसत नाही.

आता हिशेबाला बसू. कायद्याने शेतकऱ्याला एक सवलत दिली आहे. शेतात पिकलेला माल शेतकऱ्याने तसाच विकला तर २००६ चा अन्नसुरक्षा कायदा त्याला लागत नाही. जीएसटीतही आपल्या जमिनीत पिकवलेला माल विकण्यापुरती शेतकऱ्याला नोंदणी नाही. पण त्याच ज्वारीचा पापड लाटला की तुम्ही शेतकरी राहिला नाहीत, अन्नव्यावसायिक झालात. उंबरठ्याच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा.

पापड विकायचा तर अन्नाची नोंदणी हवी. २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांच्या आत विक्री असणाऱ्यासाठी तिची फी वर्षाला १०० रुपये ठरवली. उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून आहे, ती फुकट. दुकानांच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा छोट्या धंद्याला नोंदणीची गरज नाही, नुसते कळवायचे. बंद पुडक्यात माल भरून विकायचा असेल तर वजनमापे खात्याकडे पुडकी भरणारा म्हणून नाव घालायचे, त्याची फी ५०० रुपये. वजनकाट्यावर शिक्का मारून घ्यायचा. डाळीच्या गिरणीने विजेचा वापर वाढला तर वेगळे कनेक्शन आणि त्याची अनामत.

ऐकताना वाटेल, एवढेच? कागदावर एवढेच. पण घराचा नमुना ८ सासऱ्याच्या नावावर आणि धंदा सुनेचा, म्हणजे संमतीपत्र आले. मोताळ्याच्या दोन खेपा आल्या. वेचणीच्या दिवसांत एक खेप म्हणजे एक रोज बुडाला. आणि फॉर्म इंग्रजीत दिसला की आपण एजंटाकडे जातो. खरा खर्च तिथे आहे.

आता माझ्या लाजेची गोष्ट. माझ्या वहिनींनी २०२२ मध्ये विद्यापीठाच्या धाटणीची मिनी डाळ गिरणी घेतली, अकोल्याची. त्याच वर्षी १८ जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पुडक्यातल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागला. सुटी डाळ माफ, तीस किलोचा कट्टा माफ, एक किलोचे पुडके करपात्र. पण वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असली आणि माल राज्यातच विकला तर नंबर घ्यावाच लागत नाही. वहिनींची विक्री चाळीस हजारही नव्हती. तरी मीच शहाणपणा केला. म्हटले, "वहिनी, उद्या धंदा वाढेल, सगळे कागद आजच पक्के करून घ्या."

एजंटाने साडेतीन हजार घेतले. जीएसटीच्या नंबराला सरकारी फी शून्य आहे, हे मला नंतर कळले. नंबर आला की मागोमाग व्यवसाय कर आला, वर्षाला २५०० रुपये. हा कर १९७५ मध्ये बसवला तो रोजगार हमीचा खर्च भागवायला. ज्या हमीच्या कामावर दुष्काळात आमच्या वहिनींच्या आईने खडी फोडली, त्याच नावाने बसलेला कर आता मुलीने भरायचा! किलोमागे ५ रुपये सुटतात असे धरा. २५०० काढायला ५०० किलो डाळ, म्हणजे सात क्विंटल तूर भरडावी लागते. कपाशीतल्या तुरीच्या ओळींतून एवढी तूर तुमच्यापैकी किती जणांना होते? हात वर करू नका, मला ठाऊक आहे.

पुढे उन्हाळ्यात गिरणी बंद राहिली. विक्री नाही, म्हणून विवरण भरले नाही. पण विक्री शून्य असली तरी कोरे विवरण भरावे लागते. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, एका विवरणाला ५०० पर्यंत. नंबर रद्द करायला गेलो तर आधी मागची सगळी विवरणे भरा. वहिनींनी बोंडे वेचून मिळवलेले पैसे त्यात गेले. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

खरे आहे तेही सांगतो. अन्ननोंदणीचा नंबर पुडक्यावर असल्यामुळे बुलढाण्याच्या एका दुकानदाराने त्यांची डाळ ठेवून घेतली. भेसळ करणाराला धरलेच पाहिजे आणि पुडक्यावर करणाराचे नावगाव असणे गिऱ्हाइकाच्या हिताचे आहे. त्या कागदाला माझा विरोध नाही. धंद्याचा पहिला रुपया येण्याआधी जो पैसा जातो, त्याला आहे.

एक गाठ मात्र अशी आहे की ती शहाणपणाने सुटत नाही. आपल्याला जवळच्या मोठ्या पेठांपैकी एक कोणती? बऱ्हाणपूर. पण ते मध्य प्रदेशात. करपात्र माल राज्याच्या हद्दीपलीकडे विकला तर ४० लाखांची सूट संपते, पहिल्या किलोपासून नंबर लागतो. नुसता पापड असेल तर भीती नाही, पापडावर जीएसटीच नाही. पण पापडाबरोबर डाळीची चार पुडकी किंवा मिरचीपूड दिली की अडकलात. आणि पुण्यात बसून बंगलोरच्या कंपनीला सल्ला विकणाऱ्याला? त्याला ऑक्टोबर २०१७ पासून २० लाखांपर्यंत दुसऱ्या राज्यातही नंबराशिवाय सेवा विकता येते. सल्ल्याला हद्द नाही, डाळीला आहे. कापसाची झोनबंदी गेली म्हणून आपण गुलाल उधळला, आणि ती पुडक्यात शिरून परत आली.

म्हणून संघटनेने मागणी लावायची ती सबसिडीची नको. सेवेला जी सूट आहे ती घरच्या प्रक्रियेच्या मालाला द्या. आणि व्यवसाय कर विक्रीवर बघा, नंबरावर नको. एवढ्या दोन गोष्टींचे निवेदन जिल्हा बैठकीत ठेवू.

तोवर मावशी, तुम्ही थांबू नका. आधी पापड-बिबड्या करा, अन्नाची नोंदणी तेवढी घ्या. उद्यम नोंदणीला कोणी पैसे मागितले तर देऊ नका. वर्षभर गावात आणि मलकापुरात विकून पाहा. डाळ सुटी विका. जीएसटीच्या नंबराचे बऱ्हाणपूरचे गिऱ्हाईक पक्के झाल्यावर बघू. पुढच्या बैठकीला आधार कार्ड, एक फोटो, नमुना ८ आणि घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याची सही केलेला कागद घेऊन या. कॉलेजात जाणारी दोन पोरे मोबाइल घेऊन इथेच बसतील, अर्ज तुमच्यासमोर भरतील. सरकारी फी असेल ती जिची तिने भरायची. पोरांना चहा मी पाजीन.