उभे राहताच येणारी अंधारी



रक्तदाब हा शब्द आज घरोघरी पोचला आहे. पण तो बहुधा ‘वाढला’ या क्रियापदाच्या सोबतीनेच कानी येतो. केवळ माणूस उभा राहिला म्हणून त्याचा रक्तदाब घसरावा, हा प्रकार मात्र अनेकांच्या गावीही नसतो. आजचा माझा विषय तोच आहे.

उभे राहणे ही वाटते तितकी साधी गोष्ट नव्हे. आडवा असलेला मनुष्य उभा राहिला की सुमारे अर्धा ते एक लिटर रक्त गुरुत्वाकर्षणामुळे पायांतील व पोटातील शिरांत उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त तेवढे कमी होते. निसर्गाने काही तजवीज केली नसती तर आपण सर्वच जण अंथरुणातून उठताक्षणी कोसळलो असतो. ती तजवीज अशी. मानेतील मोठ्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत दाबाचा चढउतार जाणणारे मज्जातंतू असतात. दाब किंचित उतरला की ते मेंदूच्या बुंध्याला वर्दी देतात. तेथून सुटलेला हुकूम दुसऱ्या तंतूंच्या वाटेने रक्तवाहिन्यांपर्यंत जातो. तंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रिनॅलिन नावाचे द्रव्य स्रवते, वाहिन्या आवळतात, नाडी जलद होते. हे सारे काही सेकंदांत घडते आणि आपणांस त्याचा पत्ताही लागत नाही.

आता समजा, वर्दी गेली, हुकूमही सुटला, पण तो पोचवणारी तारच तुटलेली आहे. मधुमेह वर्षानुवर्षे मुरला की हे तंतू झिजतात. कंपवातातही पुष्कळांचे हे तंतू नष्ट होत जातात. मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी नावाच्या विकारात तारा बऱ्याचशा शाबूत असतात, पण हुकूम सोडणारी मेंदूतील केंद्रेच निकामी होतात. परिणाम एकच: मनुष्य उभा राहतो आणि दाब घसरतो.

१९२५ साली ब्रॅडबरी आणि एगल्स्टन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा तीन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. दाब कोसळत असूनही त्यांच्या नाडीची गती जवळजवळ होती तशीच राहत होती. ही खूण आजही उपयोगी पडते. जुलाबांनी किंवा उन्हाने शरीरातील पाणी आटले असेल तर उभे राहताच नाडी धावू लागते. तंतूच निकामी असतील तर ती फारशी हलत नाही.

या विकाराचे खरे दुःख असे की तो दिसत नाही. सकाळी उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात, मान आणि खांदे दुखून येतात, विचार सुचेनासा होतो. आडवे झाले की पाच मिनिटांत सारे ठीक! मग घरची माणसे म्हणतात, ‘वय झाले’, ‘अशक्तपणा आहे’, क्वचित ‘ढोंग आहे’ असेही म्हणतात. दवाखान्यात रक्तदाब मोजतात तो खुर्चीत बसवून. तो ठीक निघतो, कधी थोडा चढलेलाही निघतो. मग दाब उतरवण्याची गोळी वाढते आणि एके रात्री लघवीसाठी उठलेले आजोबा न्हाणीच्या दारात पडून खुब्याचे हाड मोडून घेतात.

हे टाळण्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. रोग्याला पाच मिनिटे आडवे निजवून दाब मोजावा. मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर दोष आहे असे समजावे. आपल्या डॉक्टरांना ‘एकदा उभ्याने मोजा’ असे सांगण्यात संकोच कसला?

आता उपाय. पहिला उपाय म्हणजे चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणे. लघवीच्या, प्रोस्टेटच्या आणि कंपवाताच्या काही गोळ्यांनीही दाब उतरतो; परंतु कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दुसरा उपाय पाण्याचा. सकाळी उठण्यापूर्वी सुमारे अर्धा लिटर पाणी भराभर प्यावे. पाचदहा मिनिटांत दाब चढू लागतो आणि तासभर टिकतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने मात्र पाणी आणि मीठ डॉक्टरांना विचारूनच वाढवावे. उठताना आधी कडेला बसावे, पाय हलवावेत, मग उभे राहावे. अंधारी आलीच तर पायाला पायाची अढी घालून मांड्या आवळाव्यात, नाहीतर सरळ उकिडवे बसावे. पोटाला घट्ट पट्टा बांधल्याने पुष्कळांना आराम पडतो. तो निजताना सोडावा. भरपेट भातानंतर रक्त आतड्यांकडे ओढले जाते, म्हणून थोडे थोडे आणि अधिक वेळा जेवावे. कढत पाण्याची आंघोळ, भर उन्हातली रांग आणि मद्य वर्ज्य करावे.

एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. याच रोग्यांपैकी पुष्कळांचा दाब आडवे होताच फार चढतो. म्हणून दिवसा सपाट निजू नये. आणि रात्री पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करावी. नुसत्या उशा वाढवून भागत नाही. त्याने मान तेवढी वाकते. उशाकडची बाजू उंच असली की रात्री लघवीवाटे जाणारे पाणी आणि मीठही वाचते. एवढ्याने न भागल्यास मिडोड्रिन, फ्लुड्रोकॉर्टिसोन अशी औषधे आहेत; पण ती आडवे असतानाचा दाब आणखी चढवू शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची.

तुटलेल्या तारा पुन्हा जोडण्याची विद्या आज आपल्यापाशी नाही. तेव्हा आकडा बिनचूक करणे हे आपले ध्येय नव्हे. म्हाताऱ्या माणसाला न पडता देवघरापर्यंत, अंगणापर्यंत जाता यावे, हे ध्येय आहे. घरात कोणी ‘उठले की गरगरते’ म्हणाले तर त्याला हसू नका. त्याला हात द्या आणि त्याचा दाब उभ्याने मोजवून घ्या.