बियाण्याचे पाकीट आणि बाजाराचा धर्म



कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी या गावाच्या नावातच वस्त्राची आठवण आहे. रंगारी म्हटला की कापड आले, कापड म्हटले की सूत आले आणि सुताच्या मुळाशी कापूस उगवणारा शेतकरी आला. मृगाच्या तोंडावर हा शेतकरी कृषी सेवा केंद्राच्या दारात उभा राहतो, तेव्हा तीन गोष्टी घडतात. तो बियाण्याच्या पाकिटाचा भाव देतो. भिंतीवर रंगविलेल्या जाहिरातीवर विश्वास ठेवतो. आणि खताच्या गोणीसाठी यंत्रावर अंगठा टेकवून स्वतःची ओळख देतो. स्पर्धा, जाहिरात आणि खासगीपणा यांविषयीचे कायदे दिल्लीत होतात. त्यांची परीक्षा मात्र या दारात होते.

प्रथम पाकिटाच्या भावाचा विचार करावा. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी दिली. बोंडअळीला मारक असलेले जनुक अमेरिकेच्या मॉन्सॅन्टो कंपनीचे होते. त्याचा परवाना देणारी महिको-मॉन्सॅन्टो ही संयुक्त कंपनी होती आणि तिच्यातील भारतीय भागीदार महिको ही शेजारच्या जालन्याची. ४५० ग्रॅमच्या पाकिटाचा भाव सोळाशे रुपयांच्याही वर गेला होता. त्यातील साडेबाराशे रुपये बियाण्याचे नव्हते, ते केवळ जनुकाच्या स्वामित्वाचे शुल्क होते. बियाणे भारतीय कंपनीने वाढवावे, शेतकऱ्याने घाम गाळावा आणि पाकिटाच्या किमतीतील सिंहाचा वाटा जनुकाच्या मालकाने न्यावा, असा तो व्यवहार होता.

या मक्तेदारीला पहिला धक्का २००६ मध्ये बसला. आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेले. आयोगाने शुल्क वाजवी करण्याचा अंतरिम आदेश दिला आणि त्या राज्यात पाकिटाचा भाव ७५० रुपयांवर आला. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या भावासाठी स्वतंत्र कायदा केला. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने भावनियंत्रण आदेश काढला. २०१६ च्या हंगामासाठी बोलगार्ड-२ च्या पाकिटाचा भाव ८०० रुपये आणि त्यातील जनुकशुल्क ४९ रुपये ठरले. २०२० मध्ये हे शुल्क शून्यावर आले. २०२५ च्या हंगामातही पाकिटाचा भाव ९०१ रुपये, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या भावाहून कितीतरी कमी होता. सरकारने मनात आणले तर लहान माणसाच्या पाठीशी उभे राहता येते, याचे हे ठळक उदाहरण होय.

परंतु या कथेची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहावयास हवी. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१६ मध्ये याच कंपनीच्या चौकशीचा आदेश दिला होता. वाद न्यायालयात रेंगाळला. २०२१ मध्ये मूळ पक्षकारांनी आपसात तडजोड केली आणि जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असे प्रश्न पेटंट कायद्याच्या कक्षेत येतात असे सांगून आयोगाची कारवाई रद्द ठरविली. मक्तेदारीचा दुरुपयोग झाला की नाही, या मूळ प्रश्नाचे उत्तर सात वर्षांनंतरही मिळाले नाही. शेतकऱ्याच्या जीवनात सात वर्षे म्हणजे सात हंगाम.

शिवाय भाव बांधले गेल्यावर कंपनीने २०१६ मध्येच तणनाशक-सहनशील नव्या वाणाचा अर्ज मागे घेतला. इकडे गुलाबी बोंडअळी बोलगार्ड-२ ला जुमानेनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रात हाहाकार उडविला. जी पोकळी राहिली ती चोरट्या बियाण्याने भरली. त्या पाकिटावर ना खूण, ना पावती. बियाणे उगवले नाही तर दाद कोणाकडे मागावी? सार्वजनिक संशोधनाचा प्रयत्नही फसला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेशी निगडित असलेले देशी बीटी वाण २००९ मध्ये बाजारात आले. त्यात मॉन्सॅन्टोचेच जनुक आढळले आणि ते मागे घ्यावे लागले. भाव बांधणे हे सरकारचे काम झाले. पर्याय उभा करणे हे राष्ट्राचे काम आहे. दुसरे केले नाही, तर पहिल्याचे फळ चोरबाजार खातो.

आता भिंतीवरील जाहिरातीकडे वळावे. भरघोस बोंडांचे चित्र शेतकऱ्याच्या आशेला हात घालते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत, आणि गुन्हा पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. जुलै २०२० मध्ये त्यासाठी केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले. मोठ्या कंपनीला पन्नास लाख म्हणजे जाहिरातखर्चातील किरकोळ रक्कम. तालुक्याच्या लहान उत्पादकाचे मात्र तेवढ्याने दुकान बंद होईल. दंड गुन्ह्याच्या आणि गुन्हेगाराच्या ताकदीच्या प्रमाणात असावा, हे तत्त्व या भूमीला नवे नाही. भाव पाडण्या-चढविण्यासाठी संगनमत करणाऱ्या व्यापाऱ्यांना कौटिल्याने सहस्र पणांचा दंड सांगितला आहे. प्रामाणिक व्यापाऱ्याला अभय आणि कटवाल्याला धाक, ही त्यामागील दृष्टी होती.

तिसरी गोष्ट यंत्रावरील अंगठ्याची. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटींची आहे. ग्राहकांची नावे व क्रमांक संगणकात ठेवणाऱ्या दुकानदारालाही हा कायदा समजून घ्यावा लागेल. ज्याच्याकडे वकील नाही, त्याला साध्या मराठीत नियम समजावून देणारी व्यवस्था नसेल, तर तो भयापोटी व्यवसाय आखडता घेईल आणि वकिलांची फौज बाळगणारी कंपनी त्याचे गिऱ्हाईक नेईल.

खासगीपणा, जाहिरात आणि स्पर्धा हे तीन वेगळे विषय नव्हेत, हे व्हॉट्सॲपच्या प्रकरणाने दाखविले. २०२१ च्या धोरणानुसार ग्राहकाने माहिती भगिनी-कंपन्यांना वापरू द्यावी, अन्यथा सेवा सोडावी, असा पर्याय ठेवला गेला. माहितीतून जाहिरात, जाहिरातीतून पैसा आणि पैशातून मक्तेदारी अशी ती साखळी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीला २१३ कोटींहून अधिक दंड केला. वर्षभराने अपिलीय न्यायाधिकरणाने जाहिरातीसाठी माहिती वापरण्यावरील पाच वर्षांची बंदी उठविली. दंड मात्र कायम ठेवला. गावातील किराणा दुकानदार त्याच व्हॉट्सॲपवर मागणी नोंदवून घेतो. त्याच्या गिऱ्हाइकाची माहिती परदेशी कंपनीची संपत्ती होऊ नये, हा स्वदेशीचा आजचा अर्थ आहे.

वर्धा जिल्ह्यातील आर्वीच्या, म्हणजे कापूसपट्ट्यातल्याच, दत्तोपंत ठेंगडी यांनी भांडवलशाही आणि साम्यवाद या दोहोंना नाकारून तिसरा मार्ग मांडला. सरकारने सर्व ताब्यात घ्यावे असे त्यांना मान्य नव्हते, आणि बलवानाला मोकळे रान द्यावे हेही मान्य नव्हते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदा व्हावयास अजून बारा वर्षे होती. आधी समाज जागा झाला, मग कायदा आला. हा क्रम विसरून चालणार नाही.

म्हणून कार्यकर्त्याचे काम या हंगामापासून सुरू होते. प्रत्येक शेतकऱ्याने बियाण्याची पावती व रिकामे पाकीट पीक निघेपर्यंत जपावे. पावतीविना बियाणे घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो. आधारची छायाप्रत मागणाऱ्याला कशासाठी हवी, हे विचारावे. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवावी. गावातील एका सुशिक्षित तरुणाने दुकानदारांना नवे नियम वाचून दाखवावेत. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या अंत्योदयाचा बाजारातील अर्थ एवढाच, की कायद्याचे माप रांगेतील शेवटच्या माणसापाशी घ्यावे. देवगाव रंगारीच्या दुकानात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ज्या दिवशी भाव वाजवी, जाहिरात खरी आणि अंगठा सुरक्षित वाटेल, त्या दिवशी दिल्लीतील कायदा खऱ्या अर्थाने लागू झाला असे म्हणता येईल.