पुलावरचा सॅक्सोफोन



आज ऐकू या सनी रॉलिन्स यांची गोष्ट.
जन्म 1930 चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला.
वाद्य, टेनर सॅक्सोफोन.

1956 साली त्यांनी ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ही ध्वनिमुद्रिका मुद्रित केली.
जॅझच्या दुनियेत नाव झालं.

आणि 1959 मध्ये... त्यांनी कार्यक्रमच थांबवले.
कारण एकच.
आपलं वादन अजून हवं तसं नाही, असं त्यांना वाटत होतं.

पण रियाज करायचा कुठे?
सॅक्सोफोनचा आवाज मोठा.
शेजारी एक बाई गरोदर होत्या.
त्यांना त्रास नको, म्हणून रॉलिन्स घराबाहेर पडले.
थेट विल्यम्सबर्ग पुलावर गेले.

खाली नदी. बाजूनं धडधडत जाणारी आगगाडी.
मधल्या पादचारी वाटेवर हा माणूस उभा.
थंडीतही. तासन्‌तास.
तिथं कितीही जोरात फुंकलं तरी चालायचं.

लक्षात घ्या, हा नवशिका नव्हता.
नाव झाल्यावर, मिळकत सोडून, तो पुन्हा रियाजाला बसला होता.
मला याचं फार मोल वाटतं.

1961 मध्ये ते परतले.
पुढच्याच वर्षी ध्वनिमुद्रिका आली, ‘द ब्रिज’.
गिटारवर होते जिम हॉल.

याच दशकाच्या अखेरीस ते पुन्हा थांबले.
या वेळी आले आपल्या मुंबईत.
पवईच्या आश्रमात राहून त्यांनी योग आणि ध्यानाचा अभ्यास केला.

श्रोतेहो, ‘द ब्रिज’ मिळवून जरूर ऐका.