शिळें अन्न व ओव्हनची आंच



'शिळें' हा शब्द आपण घरांत दिवसांतून दहा वेळां वापरतों. सकाळचा पाव रात्रीं चिवट लागला कीं तो शिळा. रात्रीचा भात सकाळीं ताठर झाला कीं तोहि शिळा. आणि दुपारच्या उसळीला संध्याकाळीं आंबूस वास येऊं लागला तर तीहि शिळीच. तिन्ही पदार्थांना विशेषण एकच. परंतु पाव चिवट होणें आणि उसळ आंबणें या दोन अगदीं निराळ्या क्रिया आहेत. एका शब्दांत दडलेले दोन अर्थ वेगळे करून दाखविणें हें मास्तराचें कामच असतें. आज तेंच काम स्वयंपाकघरांत करावें, आणि उरलेलें अन्न ओव्हनमध्यें पुन्हां गरम करण्यानें काय साधतें व काय साधत नाहीं, हें आपणांपुढें मांडावें, असा माझा हेतु आहे.

ओव्हन म्हणतांना मला मायक्रोवेव्ह अभिप्रेत नाहीं. खालीं-वर विजेचे तापणारे रॉड, मध्यें जाळी, समोर कांचेचें दार व बाजूला अंशांची चकती, असा जो साधा ओव्हन शहरांतील पुष्कळ घरांत केक अगर बिस्किटें भाजण्यासाठीं घेतलेला असतो व एरवीं ओट्याच्या कोपऱ्यांत झांकून ठेवलेला असतो, त्याविषयीं मी बोलत आहें.

प्रथम त्याची उष्णता अन्नापर्यंत कशी पोंचते तें पाहूं. १८० अंश सेल्सियसला तापलेल्या ओव्हनमध्यें क्षणभर हात नेला, तर झळ चांगलीच लागते; पण कशाला स्पर्श न झाल्यास हात भाजत नाहीं. उलट १०० अंशांच्या उकळत्या पाण्यांत बोट बुडालें तर तत्काळ फोड येतो. याचें कारण असें कीं, हवा विरळ आहे. तिच्यांत सांठणारी उष्णता थोडी, आणि ती दुसऱ्यास देण्याची तिची गतिहि मंद. म्हणून ओव्हनमधील पदार्थ बाहेरून आंत सावकाश तापत जातो. वरचें कवच खरपूस झालें तरी गाभा थंडच असूं शकतो. शिवाय थराची जाडी दुप्पट केली, तर उष्णता मध्यापर्यंत पोंचण्यास सुमारें चौपट वेळ लागतो. काउंट रम्फर्ड या नांवानें प्रसिद्ध असलेल्या बेंजामिन थॉम्प्सन या शास्त्रज्ञाला अठराव्या शतकाच्या अखेरीस, शिजविलेलीं सफरचंदें इतका वेळ आंतून कढत कशीं राहतात, याचें नवल वाटलें, आणि द्रवांतून उष्णता कशी पसरते याचा त्यानें अभ्यास केला. आपल्या घरची दाट खिचडी त्याच जातीची. वरून निवल्यासारखी दिसते, आणि पहिल्याच घासाला जीभ पोळते. जो पदार्थ सावकाश निवतो, तो तापतोहि सावकाशच. हें सूत्र आपण लक्षांत ठेवावें. पुढें त्याचा दोनदां उपयोग होणार आहे.

आतां पहिल्या प्रकारचा शिळेपणा घेऊं. पाव वाळतो म्हणून शिळा होतो, असा पुष्कळांचा समज असतो. बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८५२ सालीं प्रयोगानें दाखविलें कीं, पावांतील ओलावा बाहेर जाऊं दिला नाहीं तरीहि पाव शिळा होतो. आणि तोच पाव पुन्हां तापविला कीं मऊ होतो. याच्या मुळाशीं आहे पिठूळ पदार्थांतील स्टार्च. शिजतांना किंवा भाजतांना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व सैल पडतात. निवल्यावर त्यांतील रेणु हळूहळू पुन्हां एकमेकांस बिलगून ओळींत बसतात, आणि पदार्थ ताठर होतो. सुमारें ६० अंशांच्या वर ही ओळ मोडूं लागते. पाव, पोळी, भाकरी, इडली, भात या सर्वांचा प्रकार हाच. ही क्रिया गोठणबिंदूच्या किंचित् वर, म्हणजे नेमकी फ्रिजच्या थंडींत, सर्वांत जलद होते. त्यामुळें फ्रिजमधील पाव बाहेरच्या पावापेक्षां लवकर चिवट होतो. हा शिळेपणा निरुपद्रवी असून उष्णतेनें दूर होतो. मात्र प्रत्येक वेळीं थोडें पाणी उडून जात असल्यामुळें, दुसऱ्या खेपेस हें औषध पहिल्याइतकें लागू पडत नाहीं.

या कामीं ओव्हनसारखा मदतनीस नाहीं. पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांपासून आला, आणि गोव्यांत पोदेराच्या भट्टींतली ताजी पोई घेण्याचा प्रघात अद्याप आहे. उरलेल्या पोईला अगर पावाला किंचित् पाण्याचा हात लावून, आधींच १८० अंशांवर तापविलेल्या ओव्हनमध्यें पांच-सात मिनिटें ठेवावें. वरून कुरकुरीत व आंतून मऊ अशी ती हातीं येते. सामोसा, बटाटेवडा, कटलेट, पॅटिस यांच्या वरच्या आवरणांत आंतील ओलावा मुरून तें लिबलिबीत झालेलें असतें. ओव्हनची कोरडी हवा तो ओलावा ओढून घेते. मायक्रोवेव्हला हें साधत नाहीं; कारण तो पदार्थांतील पाणी तापवितो, भोंवतालची हवा थंडच राहते, आणि वाफ आवरणांत अडकते. असे पदार्थ एकमेकांस न टेकवितां जाळीवर मांडावे. ताटलींत ठेवल्यास त्यांचा तळ ओलाच राहतो.

उलट, आमटी, कढी व रस्सा यांच्यासाठीं ओव्हनचा खटाटोप करूं नये. ढवळण्यानें उष्णता सर्वत्र पोंचते, आणि ती सोय गॅसवरच्या पातेल्यांत आहे. पोळीला तवा बरा. भात ओव्हनमध्यें तापवावयाचा असेल तर पसरट भांड्यांत बोटभर जाडीचा थर करून, पाणी शिंपडून, वर घट्ट झांकण घालावें. खर्चाचा हिशेबहि सोपा आहे. १५०० वॅटचा ओव्हन अर्धा तास सतत तापत राहिला तर पाऊण युनिट वीज लागते. दोन वड्यांसाठीं एवढा थाट नको. दहा माणसांचें उरलें असेल तर तो शोभतो.

आतां दुसरा शिळेपणा. आणि हाच आजच्या बोलण्याचा मुख्य भाग. तांदूळ, डाळी व मसाले यांबरोबर मातींतील कांहीं सूक्ष्म जंतूंचे बीजाणु आपल्या घरीं येतात. अन्न शिजतांना जंतु मरतात. बीजाणु मात्र पुष्कळदां तग धरतात, आणि अन्न निवूं लागलें कीं त्यांतून नवे जंतु वाढूं लागतात. बॅसिलस सीरियस हा त्यांपैकीं एक. भातांत वाढतांना त्याच्या कांहीं जाती असें विष निर्माण करतात कीं, तें उकळत्या पाण्याच्या उष्णतेलाहि दाद देत नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत ब्रिटनमध्यें चिनी उपाहारगृहांतील परतलेला भात खाऊन उलट्या झाल्याचीं अनेक प्रकरणें उजेडांत आलीं. शोधान्तीं असें दिसलें कीं, उकडलेला भात तासन् तास बाहेर ठेवलेला असे, व गिऱ्हाईक येतांच तो झटपट परतून दिला जाई. परतण्यापूर्वींच विष तयार होऊन गेलें होतें.

आपला फोडणीचा भात हा त्याच पदार्थाचा भाऊ होय. रात्रीं आठ वाजतां उतरविलेला भात पातेल्यासकट सकाळपर्यंत ओट्यावर राहिला, तर तो केवळ ताठर झालेला नसतो; दोन्ही प्रकारचे शिळेपण त्यांत एकाच वेळीं वसत असूं शकतें. फोडणी किंवा ओव्हन त्यांपैकीं पहिलें घालवील. दुसरें तसेंच राहील. आणि भात पुन्हां मऊ व वाफाळलेला दिसूं लागल्यामुळें, तो चांगला आहे अशी आपली समजूत मात्र होईल. वास येत नाहीं म्हणून अन्न निर्दोष आहे, असें समजण्यास येथें आधार नाहीं.

याचा अर्थ नीट गरम करणें निरर्थक आहे असा मात्र घेऊं नये. मांसाच्या दाट रश्शांत, तो सावकाश निवतांना, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नांवाचा जंतु वाढतो. पूर्णपणें तापविल्यास तो मरतो. अर्धवट तापविल्यास जिवंत पोटांत जातो व पीडा देतो. म्हणून नीट तापविणें आवश्यकच आहे. परंतु आधींचा निष्काळजीपणा त्यानें भरून निघत नाहीं.

या सर्व जंतूंना मानवणारी अवस्था एकच, आणि ती म्हणजे कोमट. जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ सालीं अन्नाच्या सुरक्षिततेचीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं. त्यांत असें सांगितलें आहे कीं, शिजविलेलें अन्न बाहेर दोन तासांपेक्षां अधिक ठेवूं नये. तें ५ अंशांच्या खालीं थंड ठेवावें, अगर ६० अंशांच्या वर गरम ठेवावें. आपल्याकडे वैशाखांत हवाच ३२ अंशांच्या वर असते. तेव्हां एक तास हीच मर्यादा धरावी. गीतेच्या सतराव्या अध्यायांतहि एक प्रहर उलटून गेलेल्या अन्नाची गणना तामस आहारांत केली आहे. प्रहर म्हणजे तीन तास. आजचें शास्त्र त्याहून थोडें अधिक कडक आहे इतकेंच.

येथें ओव्हनच्या एका दुरुपयोगाकडे लक्ष वेधतों. उशिरां घरीं येणाऱ्यासाठीं वाढलेलें ताट कमी आंचेवर, किंवा बंद केलेल्या ओव्हनच्या उरल्या उबेंत, तासन् तास ठेवण्याची रीति कांहीं घरांत असते. हेतु प्रेमाचा असतो. परंतु चाळीस अंशांचा ओव्हन हा ओव्हन राहत नाहीं, तो जंतु उबविण्याची पेटी होतो. अशा माणसाचें जेवण वेळेवर फ्रिजमध्यें ठेवावें, आणि तो आल्यावर कडकडीत तापवावें.

तें कसें करावें? मघांचें सूत्र आठवा. दाट पदार्थ सावकाश निवतो. म्हणून मोठें पातेलें तसेंच फ्रिजमध्यें न ढकलतां, अन्न उथळ भांड्यांत वांटून ठेवावें. पूर्ण गार होण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. वाफ ओसरली कीं पुरे. दाट पदार्थ तापतोहि सावकाश. म्हणून गरम करतांनाहि थर पातळच असावा. ओव्हन आधीं तापवून घ्यावा, अन्न झांकावें, आणि १६० ते १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटें ठेवावें. गाभ्याचें तापमान ७४ अंश व्हावें, असा नियम आहे. अन्नांत खुपसून पाहण्याचा तापमापक मिळतो. तो नसल्यास मध्यभाग उकरून पाहावा, तेथून भरपूर वाफ निघाली पाहिजे. खावयाचें असेल तेवढेंच तापवावें. एकदां तापविलेलें पुन्हां फ्रिजमध्यें व पुन्हां ओव्हनमध्यें, अशा फेऱ्या करूं नयेत.

भांड्यांविषयीं दोन शब्द. आपल्या घरोघरच्या स्टीलच्या भांड्यांना या ओव्हनमध्यें मज्जाव नाहीं. फक्त प्लॅस्टिकच्या मुठी व रबराच्या कडा नसाव्यात. फ्रिजमधलें गार कांचेचें भांडें एकदम तापलेल्या ओव्हनमध्यें ठेवल्यास तडकण्याचें भय असतें. चिंचेच्या अगर टोमॅटोच्या आंबट पदार्थावर अॅल्युमिनियमचा कागद टेकूं देऊं नये. आंबटपणानें तो झिजून अन्नांत उतरतो.

शेवटीं एक प्रश्न उरतो, व तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरांत शिळें कोण खातें? पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतहि ताजें वाढलें जातें तें पुरुषांना व मुलांना, आणि कालचें राहतें तें गृहिणीच्या ताटांत. तिलाहि शंका आली कीं तें कामाला येणाऱ्या बाईच्या डब्यांत जातें. 'अन्न टाकवत नाहीं' असें आपण म्हणतों, आणि त्यांत अन्नाविषयींचा आदर आहे हें मी जाणतों. परंतु तो आदर जेवण संपतांच, अन्न चांगलें आहे तोंवर दाखवावयाचा असतो. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्याच्या पोटावर त्याची परीक्षा पाहणें हा आदर नव्हे. जें वेळेवर थंड केलें व नीट तापविलें, तें सर्वांनीं एकाच पंगतीस वाटून खावें. आणि जें आपल्या मुलाला द्यावयास मन कचरतें, तें दुसऱ्या कोणासहि देऊं नये.

उरलेलें अन्न उथळ भांड्यांत काढून फ्रिजमध्यें ठेवणें हें पांच मिनिटांचें काम आहे, व त्याला पाककौशल्य मुळींच लागत नाहीं. तेव्हां रात्रीचें जेवण आटोपल्यावर, बातम्या ऐकावयास बसण्यापूर्वीं, हें काम घरांतील पुरुषांनीं आपल्याकडे घ्यावें, एवढी सूचना करून मी आपली रजा घेतों.