पाचारण, आज्ञापालन आणि संसार

देव माणसाला नाव घेऊन हाक मारतो, त्याला एखादे काम नेमून देतो आणि माणसाने ते पत्करून निघावे, अशी अपेक्षा ठेवतो, ही ख्रिस्ती श्रद्धेतील एक मूलभूत धारणा आहे. मराठी ख्रिस्ती मंडळीत या हाकेला पाचारण म्हणतात. पाचारण आले की बसलेली घडी बहुधा मोडते. बायबलमधल्या पहिल्या मोठ्या पाचारणकथेत अब्राहाम हारान सोडतो तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा आहे. त्याच्याजवळ मालमत्ता आहे, नोकरचाकर आहेत. कोणत्या देशात जायचे ते मात्र त्याला सांगितलेले नाही. तो देश पुढे दाखवला जाईल, एवढेच वचन आहे. तो निघतो, आणि त्याच्याबरोबर त्याची पत्नी सारा हिलाही निघावे लागते. तिला कोणी विचारल्याची नोंद त्या कथेत नाही.

पुढच्या कथांमध्ये होकार इतका सरळ येत नाही. मोशे आपली जीभ जड असल्याची सबब सांगतो आणि शेवटी दुसऱ्या कोणाला तरी पाठव, अशी गयावया करतो. आपण अजून पोर आहोत, बोलायचे कसे, असे यिर्मयाला वाटते. बायबलने ही कुरकुर झाकून ठेवलेली नाही. मात्र सुखाची ओढ माणसाला कुठवर नेते, हे योनाच्या लहानशा पुस्तकाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. त्याला पूर्वेकडच्या निनवे शहरात जायला सांगितले, तर तो याफो बंदरातून उलट दिशेच्या तार्शीशला निघालेले जहाज गाठतो. मोठ्या माशाच्या पोटातले तीन दिवस सर्वांच्या लक्षात राहतात. खरा मुद्दा शेवटच्या अध्यायात आहे. योनाने अखेर आज्ञा पाळलेली आहे, निनवेने पश्चात्ताप केला आहे, आणि तो शहराबाहेर रुसून बसला आहे. डोक्यावर एक वेल उगवते, तिच्या सावलीने तो हरखतो. दुसऱ्या दिवशी कीड लागून वेल सुकते, तेव्हा तो मरण मागतो. जिच्यासाठी आपण काडीचे श्रम केले नाहीत त्या वेलीची हळहळ त्याला वाटते. एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांच्या शहराची वाटत नाही. देव त्याला नेमके हेच विचारतो, आणि उत्तर न देताच पुस्तक संपते. म्हणजे पाय आज्ञेप्रमाणे चालले, तरी मन सावलीतच बसून राहू शकते.

नव्या करारात येशूची हाक ऐकून गालीलातले कोळी जाळी टाकून निघतात. त्यांतल्या पेत्राच्या सासूला येशूने तापातून बरे केल्याची हकीकत आहे. त्याअर्थी पेत्र घरसंसारी माणूस होता. एका श्रीमंत तरुणाला सर्व विकून गरिबांना द्यायला सांगितले, तेव्हा तो खिन्न होऊन परत गेला. एवढ्यावरून पाचारण म्हणजे घर सोडणेच, असा समज होतो. पण मार्काच्या शुभवर्तमानात भूतबाधेतून मुक्त झालेला एक माणूस येशूबरोबर जायची विनंती करतो आणि येशू त्याला नाही म्हणतो. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि काय घडले ते सांग, अशी त्याला आज्ञा मिळते. निघायला तयार असलेल्यासाठी हीच आज्ञा कठीण होती. बेथानीच्या मार्था, मरिया आणि लाजर या भावंडांनाही येशूने घर सोडायला लावले नाही; तो स्वतःच त्यांच्याकडे पाहुणा म्हणून जात असे.

ख्रिस्ती शिकवणीत सुख हे पाप नाही. काना गावच्या लग्नात येशू द्राक्षारस कमी पडू देत नाही. गथशेमाने बागेत अटकेच्या रात्री तो स्वतः समोरचा प्याला टळावा अशी प्रार्थना करतो, आणि मग पित्याच्या इच्छेला मान तुकवतो. दुःख त्याला हवेसे नव्हते, आणि आज्ञापालनासाठी ते हवेसे वाटण्याची गरजही नव्हती. पौलाने करिंथच्या मंडळीला बजावले की प्रीती नसेल तर सर्वस्व वाटून टाकणे आणि देहाचा त्यागही फुकट. म्हणून हालअपेष्टा सोसल्या एवढ्यावरून कोणाचे पाचारण खरे ठरत नाही.

मध्ययुगीन युरोपात पाचारण हा शब्द प्रामुख्याने मठवासी आणि धर्मगुरू यांच्यापुरता राहिला होता. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने तो कारागिराच्या कामाला आणि आईच्या कष्टांनाही लावला. त्याच शतकात इग्नेशियस लोयोलाने मनातल्या ओढींची पारख कशी करावी याची पद्धत बसवली. मंडळी एकट्याच्या खात्रीवर सहसा विसंबत नाही. शास्त्राचा आधार, दीर्घ प्रार्थना, जाणत्यांचा सल्ला आणि काळाची कसोटी यांतून पाचारण पारखले जाते, आणि दीक्षेपूर्वी उमेदवाराला त्याविषयी विचारले जाते. तरीही मंडळीचा अधिकार आणि देवाची हाक एकमेकांसमोर उभी राहिली तर काय करायचे, हा प्रश्न उरतोच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीस दोन मराठी माणसांच्या आयुष्यात तो ठळकपणे उभा राहिला.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ मधला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरणारे हे कुटुंब १८७० च्या दशकातल्या दुष्काळात सापडले. आई, वडील आणि बहीण एकामागून एक गेले. उरलेली दोन भावंडे पायी देश हिंडत कलकत्त्याला पोचली. तिथे रमाबाईंना पंडिता ही पदवी मिळाली. पुढे भाऊ गेला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या पुण्याला आल्या आणि दुसऱ्या वर्षी इंग्लंडला गेल्या. डॉक्टर होण्याची इच्छा होती. कमी ऐकू येत असल्यामुळे ती सोडावी लागली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तिथल्या मठातील अँग्लिकन भगिनींनी त्यांना मायेने सांभाळले, आणि आज्ञाधारकपणाची अपेक्षाही ठेवली. काय मानावे, कोणाला शिकवावे, मनोरमेला कसे वाढवावे, या प्रश्नांवर सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्याचे जोखड देवाची आज्ञा म्हणून मानेवर घेणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. भगिनींना तो अहंकार वाटला. पण पुढच्या चाळीस वर्षांचे काम पाहता ती आज्ञाभंगाची वृत्ती होती असे म्हणता येत नाही. वरिष्ठांचा शब्द आणि देवाचा शब्द यांत त्या फरक करत होत्या, आणि त्यासाठी आश्रयाची ऊब गमावायला तयार होत्या.

पुढे अमेरिकेत व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी मदत उभी केली. बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे पैसा पुरवण्याची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यासाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केलेल्या गोदूबाई या सदनातल्या सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती, सदनाला प्रतिष्ठा होती. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करत आणि मुलींना येऊन बसायला मज्जाव नसे. यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. सल्लागारांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. दार लावून घेतले असते तर बरेच टळले असते. सल्लागारांचा आक्षेपही निराधार नव्हता, कारण धर्मनिरपेक्ष शिक्षणाच्या भरवशावर मुली तिथे पाठवल्या होत्या. रमाबाईंनी दार उघडेच ठेवले.

त्यांच्या आज्ञापालनाची सर्वांत मोठी कसोटी १८९६-९७ च्या दुष्काळात लागली. मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या येत होत्या. पुण्याच्या सदनात जागा बेताची, पैसा ठरलेल्या कामापुरता, आणि असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपत आलेली. उपासमार म्हणजे काय, हे रमाबाई आपल्याच कुटुंबातले मृत्यू पाहून शिकल्या होत्या. ज्या आठवणींपासून माणूस दूर पळेल त्यांच्यातच परत जायचे होते. त्या गेल्या. मदत छावण्यांतल्या मुली उपाशी होत्याच, शिवाय त्यांना पळवून विकणारे लोकही भोवती घोटाळत होते. सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे इतक्या जणींना तिथे ठेवता येईना. दौंडच्या अलीकडे केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवलेली होती. फळबागेच्या उत्पन्नावर सदन स्वावलंबी व्हावे हा तिचा हेतू. त्या माळावर छपरे उभी राहिली आणि मुक्ती सदन आकाराला आले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांना रोज दोन वेळचे जेवण पुरवायचे म्हणजे धान्य, सरपण आणि पाणी यांची चिंता कायमची. विहिरी खणल्या गेल्या; विणकाम, तेलघाणा, शेती, दुभती जनावरे आणि छापखाना असे उद्योग उभे राहिले. आजारी, फसवल्या गेलेल्या, वृद्ध आणि अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र सोयी झाल्या. अंधांना ब्रेल शिकवण्याचे काम मनोरमाबाईंनी सुरू केले. उत्तरायुष्यात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करायला बसल्या. मजकुराची जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. संस्कृत पंडिता म्हणून मिळालेला लौकिक मराठी विद्वत्समाजात वाढवता आला असता. त्यांनी विद्वत्ता खर्च केली ती या खेड्यातल्या बाईसाठी. १९२१ मध्ये, वारस म्हणून तयार झालेल्या मनोरमाबाई चाळिशीतच गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण भाषांतर त्यांच्या मागून ग्रंथरूपाने बाहेर पडले.

नारायण वामन टिळक यांची वाट वेगळी. कोकणातल्या करजगाव येथे १८६१ मध्ये जन्मलेले हे कवी धर्माच्या शोधात आधीपासूनच अस्वस्थ होते. एका रेल्वेप्रवासात सहप्रवासी युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचे प्रवचन वाचून ते हलून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये अध्यापन, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा, 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचे संपादन, भजने, कीर्तने, असे काम बावीस वर्षे चालले. १९१७ मध्ये, प्रकृती फारशी साथ देत नसताना, त्यांनी मिशनचा पगार सोडला. परदेशी पैशावर आणि परदेशी वळणावर चालणाऱ्या संस्थेतून ख्रिस्त आपल्या लोकांपर्यंत पोचणार नाही, त्यासाठी ख्रिस्ती संन्याशाचे जिणे हवे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' भरवला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात सारखेच स्थान होते. जेमतेम दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचा मृत्यू झाला.

टिळकांच्या निष्ठेविषयी शंका नाही. पण त्यांच्या आज्ञापालनाचे मोल त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही दिले, आणि ते आधी न विचारता त्यांच्यावर येऊन पडले. १८९५ नंतरची चार-पाच वर्षे नवरा जिवंत असून त्या नवऱ्याविना, लहान मुलाला, दत्तूला, घेऊन नातलगांच्या आधाराने राहिल्या. लोकांचे टोमणे आणि मनाची घालमेल त्यांनी सोसली. मग त्या नगरला आल्या, तरी सोवळे सांभाळून वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक चालू राहिला. माणसांतले उच्चनीच देवाने केलेले नाही, असे त्यांचे त्यांना उमगले, तेव्हा त्यांनी सोवळे सोडले, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पतीच्या हाकेमागून ओढल्या गेलेल्या या बाईचे पाचारण तिच्या स्वतःच्या पावलांनी आले. पगार सोडल्यावर घर कसे चालायचे, हा प्रश्नही पुन्हा त्यांच्याच पदरी आला.

प्रवचनांमध्ये त्यागाच्या कथा पुष्कळदा एकाच माणसाभोवती रचल्या जातात. सारा काय म्हणाली, पेत्राच्या घरी चूल कशी पेटली, हे त्यांतून कळत नाही. 'स्मृतिचित्रे' हे १९३४ पासून पुस्तकरूपाने आलेले लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र म्हणूनच ख्रिस्ती पाचारणाच्या अभ्यासाला इतके मोलाचे. टिळकांचे वेडेपण, औदार्य, संताप आणि देवभक्ती यांतले काहीही त्यांनी लपवले नाही, आणि कडवटपणाही येऊ दिला नाही. मंडळीने आज कोणाचे पाचारण पारखताना त्याच्या घरातल्या माणसांना सोबत बसवून विचारावे, यासाठी याहून सबळ आधार मराठीत सापडणार नाही.

टिळकांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी काही काळ मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम केले; नंतर त्या मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीला गेल्या. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या होत्या. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावरचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरू केले होते, आणि ते दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि १९३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत साठाहून अधिक अध्याय लिहिले. शेवटचा भाग मुलगा देवदत्त ऊर्फ दत्तू यांनी पुरा केला.