तंबूचा मुक्काम आणि गोठ्यातली गाठ

(पाचगणी परिसरातल्या गटांच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणात केलेलं बोलणं. ज्या ताईंना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे.)



आज हिशोबाच्या वह्या पिशवीतच राहू द्या. मी सुतळीचा गुंडा, चार खुंट्या आणि बाजारातली रंगीत दोरी घेऊन आले आहे. ज्या गटांनी तंबूचा मुक्काम सुरू केलाय किंवा करायचं मनात आहे, त्यांच्यासाठी हे बोलणं आहे. पण बाकीच्यांनीही ऐका, कारण यातलं निम्मं तुमच्या गोठ्यातलंच आहे.

आपल्याकडे तंबू का वाढले हे तुम्हाला माहीतच आहे. २००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. खोल्या बांधायच्या म्हटलं तर परवानग्यांचा मोठा प्रश्न, आणि पैसा कुठून आणायचा? तंबू हंगामात लावता येतो आणि पावसाळ्याआधी काढून ठेवता येतो. अर्थात तंबूलाही काय परवानगी लागते ते आधी विचारून घ्या, तो विषय आज नको.

आधी माझी चूक सांगते. गेल्या मे महिन्यात एका गटाच्या सहा तंबूंचं काम मी स्वतः उभं राहून करून घेतलं. दोऱ्या मीच बांधल्या. घट्ट बसावी म्हणून प्रत्येक ठिकाणी गाठीवर गाठ मारली. तिसऱ्या रात्री वळीव आला. वारा असा की दोन तंबू एका अंगावर कलले. दोऱ्या सैल करून परत ताणायच्या होत्या, पण भिजलेली गाठ काही केल्या सुटेना. बोटांची नखं दुखायला लागली. शेवटी विळ्याने चार दोऱ्या कापल्या. तोवर गाद्या आणि पांघरुणं भिजून गेली होती. त्यातच पाहुण्यांचा एक मुलगा अंधारात दोरीला अडखळून पडला, त्याचा घोटा सुजला. नशीब, हातात गरम काही नव्हतं. दोन कुटुंबांचे पैसे परत करावे लागले, आणि गटाचा कर्जाचा हप्ता आठ दिवसांवर होता. गटातल्या कुणीही मला बोललं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सकाळी गटातल्या एक मावशी कापलेल्या दोऱ्या गोळा करत होत्या. गाठ बघून म्हणाल्या, "पोरी, निरगाठ मारलीस व्हय? गोठ्याला आग लागली तर गुरं सोडायला येळ मिळंल अशी गाठ मारायची असती."

मी एमएसडब्ल्यू केलंय. बचत, पतपुरवठा, गटबांधणी सगळं शिकले. दोरीबद्दल या एका वाक्यात जेवढं कळलं तेवढं कुठं शिकवलं नव्हतं. तंबूची गाठ रात्रभर धरली पाहिजे आणि वेळ आली की एका झटक्यात सुटली पाहिजे. दावं बांधताना तुम्ही हेच करता. शेवटचं टोक पूर्ण ओढून न घेता दुमडून अडकवता, म्हणजे सुरगाठ. टोक ओढलं की मोकळं. मुक्कामावर जिथं जिथं गाठ मारायची, तिथं शेवट असा दुमडून ठेवा. माझं अर्धं प्रशिक्षण इथंच संपलं असं समजा.

आता तंबूच्या ताणाची दोरी. ती दिवसातून दोनतीनदा कमीजास्त करावी लागते. सुती किंवा तागाची दोरी भिजली की आखडते, ताण वाढतो आणि खुंटी उपटून येते. नायलॉनचं उलटं, ते भिजलं की सैल पडतं. त्यामुळे सरकणारी गाठ हवी. दोरी खुंटीभोवती फिरवून माघारी आणा. तिचं टोक ताणलेल्या दोरीला, खुंटीकडच्या बाजूने, आतून दोन वेढे द्या. मग तंबूच्या बाजूला बाहेरून आणखी एक वेढा देऊन टोक त्यातून काढा आणि आवळा. हाताने सरकवली तर ही गाठ सरकते, वाऱ्याने ओढली तर जागेवर बसते. वाचून डोक्यात शिरणार नाही, खुर्चीच्या पायाला चार वेळा बांधून बघा. मलाही तेवढाच वेळ लागला. खूप गुळगुळीत दोरीवर ती घसरते, तिथं आतला एक वेढा वाढवा.

टेबललँडसारख्या जांभ्याच्या जमिनीत खुंटी आत जातच नाही. ठोकत बसू नका. खताच्या रिकाम्या गोणीत दगड भरा, तोंड बांधा आणि ताणाची दोरी त्या गोणीला द्या.

दोन दोऱ्या जोडायच्या असतील तर पोलक्याच्या गाठीसारखी गाठ मारायची सवय आपल्याला असते. डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर, अशी ती चपटी गाठ. जगभरातल्या स्काऊटच्या चिन्हाभोवती जी दोरी असते तिलाही हीच गाठ आहे. गाठोडं बांधायला, पट्टी बांधायला ती उत्तम. पण वजन लटकवायच्या दोन दोऱ्या हिने जोडू नका, ती उलटून सुटते. दोन्ही वेळा एकच बाजू वर घेतली तर ती आणखी वाईट, टोकं आडवी उभी राहतात. तसं दिसलं की सोडून परत बांधा. जाड आणि बारीक दोरी जोडायची तर जाड दोरी दुमडा, बारीक दोरी त्या दुमडीतून वर काढा, दुमडीच्या मागून फिरवून आणा आणि तिच्याच खाली दाबा. विणकर तुटलेला धागा साधारण असाच जोडतात.

दोरी घेताना किलोवर मिळणारी रंगीत प्लॅस्टिकची घेतली तर ती स्वस्त पडते, पण उन्हात कडक होते आणि तिचे तंतू सुटायला लागतात. हंगाम संपला की हात फिरवून बघा, खरखरीत लागली तर वजनाला वापरू नका. शिवाय कुठलीही दोरी गाठीपाशी कमजोर होते. तिची ताकद तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमी होते, म्हणून अगदी बेताची दोरी घेऊच नका. नायलॉनचं टोक मेणबत्तीवर वितळवा, सुतळीचं टोक दोऱ्याने आवळा. गुंडाळताना कोपरावर घेतली की पीळ बसतो. अंगठा आणि करंगळीत आठच्या आकड्यासारखी गुंडाळा.

सामानाचं सांगते, कारण पाहुणे तंबूपेक्षा पसाऱ्यावर जास्त बोलतात. स्वयंपाकाच्या जागेवर दोन खांबांत छातीच्या उंचीवर एक दोरी ताणा. कडबा भरलेल्या गाडीची दोरी कशी आवळतात? मध्ये एक फासा करून, टोक खालून फिरवून त्या फाशातून घेतात आणि खाली ओढतात. तशीच आवळा, झोळ येणार नाही. मग तिच्यावर हातभर अंतराने फासे करा. पहिल्या फाशाला टॉर्च, दुसऱ्याला प्रथमोपचाराची पिशवी, तिसऱ्याला झारा आणि पळी. जागा बदलायची नाही. रात्री लाईट गेली तरी हात बरोबर जागी गेला पाहिजे. प्रत्येक तंबूच्या सामानाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधा, म्हणजे पाच नंबरची खुंटी दोन नंबरमध्ये जाणार नाही. कपडे वाळवायला दोन दोऱ्यांना एकत्र पीळ देऊन ताणा आणि कपड्याचं टोक पिळात खोचा. पाचगणीच्या वाऱ्यात चिमटे उडून जातात, पिळातला कपडा राहतो.

दोरी सिल्व्हर ओकला बांधणार असाल तर खोडालाच बांधा, आणि मध्ये गोणपाट घाला म्हणजे साल सोलणार नाही. त्याची फांदी ठिसूळ असते, तिला वजन टांगू नका. आणि जायच्या यायच्या वाटेवर एकही दोरी येता कामा नये. आलीच तर तिला पांढरी चिंधी बांधा. त्या मुलाचा घोटा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता शिंक्याचं. दूध, दही, रात्रीची भाकरी मुंग्या आणि उंदरांपासून वाचवायला आपल्या घरात शिंकं असायचं. मुक्कामावर त्याच्यासारखी सोय नाही. माकडांपुढे मात्र शिंक्याचं काही चालत नाही, तिथं झाकणाचा स्टीलचा डबाच पाहिजे.

ज्या मावशींनी मला निरगाठीवरून बोललं, त्यांच्या सासरी पूर्वी घायपाताचा वाख काढून नाडे, कासरे आणि शिंकी करायचे. गावगाड्यात हे काम मातंग समाजाकडे होतं आणि त्याचे पैसे नाही, तर बलुतं मिळायचं, तेही कधी मिळायचं तर कधी नाही. मी त्यांना म्हटलं, तंबूंसाठी बारा शिंकी करून द्याल का? त्या लगेच म्हणाल्या, "नको बाई. पोरांनी हे सोडवलंय आमच्याकडनं. आता परत दारोदार दोरखंड देत फिरू?" मी गप्प झाले. त्यांचं बरोबर होतं, आणि कौतुक वाटलं म्हणून कुणाला जुन्या कामाला परत जुंपायचा मला काय अधिकार?

पुढच्या बैठकीत गटाच्या अध्यक्षांनी विषय वेगळा मांडला. शिंकं बाजारभावाने घ्यायचं, शिकवायचे तासही धरायचे आणि दोन्ही रकमा ठरावात लिहायच्या. मावशी दाराजवळ बसल्या होत्या. त्यांनी ठराव दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, शिकवीन, पण करायला सगळ्या जणी बसणार असाल तर. आणि एकटीच्या नावाचं सामान म्हणून नको, गटाचं म्हणून विका.

बारापैकी नऊ शिंकी झाली आहेत. तीन माझ्यासकट चौघींनी केलीत आणि ती जरा वाकडी आहेत. ती आम्ही कांदे-बटाट्याला वापरतो.

पुढच्या महिन्यात प्रत्येक गटाने आपल्या मुक्कामावरची एक जुनी दोरी आणि जुन्या साडीच्या चिंध्या घेऊन या. आधी सरकणारी गाठ घेऊ. मावशींना मी विचारलंय. येण्याजाण्याचं भाडं आणि दिवसाची मजुरी मिळणार असेल तर येईन म्हणाल्यात, तेवढं आजच्या खर्चात धरून ठेवू.